खेळता खेळता परमार्थ : संत एकनाथ

फाल्गुन हा खेळण्याचा महिना. झाशी जिल्ह्यात बेतवा नदीच्या काठी एरच नावाचे गाव आहे. हिरण्यकशिपूचे नगर ते हेच आणि प्रल्हादाचे बालपण येथेच गेले, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. एका बालकाच्या निष्ठेची आठवण माणसांनी रंग खेळून जपावी, यात मोठा अर्थ आहे. त्याच होळीनंतर सहाव्या दिवशी, आपल्या महाराष्ट्रात, गोदाकाठच्या पैठणला नाथषष्ठीसाठी दिंड्या जमतात. खेळ आणि भक्ती यांचे नाते मराठी माणसाला ज्यांनी सर्वाधिक आपलेपणाने उलगडून दाखविले, त्या संत एकनाथांची ती पुण्यतिथी. हीरक महोत्सवाच्या या अंकात त्यांचे चरित्र आठवण्यामागे माझे एक वैयक्तिक कारणही आहे; ते शेवटी सांगेन.

एकनाथांचा जन्म पैठण येथे इ. स. १५३३ च्या सुमारास, संत भानुदासांच्या कुळात झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि आजोबा चक्रपाणी यांनी त्यांना वाढविले. ज्ञानाची ओढ त्यांना बालवयातच देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे घेऊन गेली. स्वामी दत्तभक्त होते आणि गडाचा कारभारही पाहत होते. त्यांनी या शिष्याला प्रथम हिशेबाच्या वह्या हाती दिल्या. एका रात्री एका पैचा मेळ लागेना. दिव्याच्या उजेडात एकनाथ पानांमागून पाने तपासत राहिले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले, अशी कथा चरित्रकार सांगतात. एका पैच्या शोधात जो इतका रमतो, तो ईश्वराच्या शोधातही रमेल, हे गुरूंनी त्या टाळीवरून ओळखले. पुढे आपल्या रचनांत एकनाथांनी स्वतःच्या नावाशेजारी गुरूंचे नाव कायमचे गुंफले.

तीर्थयात्रा करून ते पैठणला परतले, गिरिजाबाईंशी विवाह करून गृहस्थ झाले आणि अखेरपर्यंत गृहस्थच राहिले. त्यांची विद्वत्ता असामान्य होती. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची विस्तृत टीका १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण झाली. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. आज आपण जिला पाठचिकित्सा म्हणतो, तिचा मराठीतील हा पहिला मोठा प्रयत्न होय. ‘रुक्मिणीस्वयंवर’ आणि ‘भावार्थरामायण’ हेही त्यांचेच ग्रंथ.

अशा पंडिताने सोंगे घ्यावीत, हे त्या काळच्या पैठणला रुचणारे नव्हते. तरीही एकनाथांनी सुमारे तीनशे भारुडे रचली. पहाटे दारी येणारा वासुदेव, भविष्य सांगणारा जोशी, संबळाच्या तालावर उभा राहणारा गोंधळी, जोगवा मागणारी स्त्री, जोहार घालणारा महार, संसाराला विटलेली बाई, अंगात शिरलेले भूत, अशी अवघ्या गावाची माणसे त्यांत बोलू लागली. फुगडी, पिंगा, हमामा, हुतूतू हे खेळही त्यांच्या रचनांचे विषय झाले. विंचू चावल्याची ओरड ऐकून हसणाऱ्या श्रोत्याला हळूच उमगते, की हा विंचू कामक्रोधाचा आहे आणि त्यावरचा उतारा आपल्याच अंतःकरणात आहे. हसू आधी येते, बोध मागून येतो. आणि तो हसून स्वीकारलेला असल्यामुळे टिकतो.

लोकांना शिकविण्यासाठी योजलेली ही केवळ युक्ती होती, असे मात्र मला वाटत नाही. सोंग घ्यायचे तर आधी स्वतःला बाजूला ठेवावे लागते. आपली जात, आपले पांडित्य, आपले पुरुषपण हे सारे उतरवून दुसऱ्याच्या सुखदुःखात शिरावे लागते. अहंकार सोडण्याची जी साधना योगी एकांतात करतो, तीच नाथांनी चव्हाट्यावर, डफाच्या आणि टाळांच्या नादात केली. म्हणूनच गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे मूल त्यांनी सहज कडेवर घेतले, किंवा रामेश्वरासाठी कावडीतून आणलेले काशीचे गंगोदक तहानेल्या गाढवाला पाजले, या कथा त्यांच्या बाबतीत खऱ्या वाटतात. जो दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायला शिकला, त्याला दुसरा परका राहत नाही.

याची किंमत त्यांनी मोजली. कर्मठांचा रोष त्यांना सोसावा लागलाच. पण घरातला विरोध अधिक बोचरा होता. पुत्र हरिपंडित संस्कृताचे अभिमानी. वडिलांचे प्राकृत पुराण आणि सर्वांच्या पंगतीला बसणे न पटून ते काशीस निघून गेले, असे परंपरा सांगते. वडिलांनी मराठीतून पुराण सांगू नये, या अटीवरच ते परतले. पुत्रासाठी नाथांनी ती अट मान्य केली. मग हळूहळू श्रोते येईनासे झाले. अखेरीस मुलालाच वडिलांचे मोठेपण उमगले आणि नाथांच्या वाड्यात मराठी वाणी पुन्हा घुमू लागली. इ. स. १५९९ मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीस, त्यांनी गोदावरीत देह ठेवला.

आता ते कारण. नोकरीच्या आरंभीच्या काळात, अभ्यासक्रम मागे पडला म्हणून, मी एका वर्गाचे भारूड ऐन वेळी स्नेहसंमेलनातून काढून टाकले होते. गोंधळ्याचे सोंग घेणारा एक अबोल मुलगा त्या तालमींत प्रथमच मोकळेपणाने बोलू लागला होता. तालीम थांबली आणि तो पुन्हा बाकावर गप्प बसू लागला. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला. त्या मुलाचा आवाज मात्र मला पुन्हा ऐकू आला नाही. ती चूक माझी होती आणि ती उमगायला मला बरीच वर्षे लागली.

माजी विद्यार्थ्यांना शाळेतील धडे कितपत आठवत असतील, कोण जाणे. पण रंगमंचावर कोणते सोंग घेतले होते, हे बहुतेकांना आठवते. पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मूल तालमीहून काजळाची मिशी घेऊन घरी आले, तर अभ्यास केव्हा करणार हे विचारण्याआधी, आज तू कोण झाला होतास, हे विचारावे. हिशेबातली चूक सापडल्यावर टाळी वाजविणारा आणि डफाच्या तालावर गाणारा एकनाथ एकच होता. आपल्या शाळेलाही गणिताचा तास आणि भारुडाची तालीम दोन्ही सांभाळायची आहेत.