रूळ, चेंडू आणि बॅट : पालवणकर बाळू यांचे जीवन

संध्याकाळी पाच वाजता शाळेची घंटा होते आणि वसतिगृहातील मुले-मुली मैदानावर उतरतात. आमच्या भंडारा जिल्ह्यातील बहुतेक लेकरे धानाच्या कापणीनंतर मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये चेंडूफळी खेळत वाढलेली असतात. त्यामुळे क्रिकेट त्यांना नवे नसते, आणि शालेय स्पर्धांमुळे सॉफ्टबॉल व बेसबॉलचीही ओळख त्यांना होऊ लागली आहे. मात्र अनेक वर्षे मैदानाच्या कडेला उभे राहून पाहताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. बॅट काही ठरावीक हातांतच फिरते. काही मुले रोज चेंडू आणून देतात, रोज गोलंदाजी करतात, रोज खडूने रेषा आखतात, आणि अंधार पडला की बॅट हाती न धरताच हातपाय धुण्यास जातात. हे कोणी मुद्दाम करीत नाही. तसे होत जाते, एवढेच. परंतु जे आपसूक होत जाते, त्याचाच इतिहास शिक्षकाने तपासला पाहिजे. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही भारताच्या पहिल्या थोर गोलंदाजाचे, पालवणकर बाळू यांचे चरित्र निवडले आहे.

बाळूंचा जन्म 1875-76 च्या सुमारास धारवाड येथे झाला. कुटुंब मूळचे कोकणातील पालवण गावचे, चर्मकार समाजाचे. गावाच्या नावावरूनच त्यांचे आडनाव आले. वडील लष्करी नोकरीत होते. त्या काळात इंग्रजी लष्कर ही अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना गावगाड्याबाहेर नेणारी एक वाट होती. महार, चर्मकार आणि मांग कुटुंबांतील कित्येकांना अक्षरओळख, रोख पगार आणि शहरातील वस्ती या वाटेनेच लाभली. बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, गणपत व विठ्ठल पुण्याच्या छावणीच्या परिसरात वाढले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर हे भाऊ क्रिकेट शिकले. विकत घेतलेली बॅट त्या घरात कधी आली नसेल. परंतु एकाच घरातील चार भाऊ या खेळात पुढे आले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरवणे हे काम, आणि पगार महिना तीन रुपये. पुढे 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे खेळपट्टी तयार करणे, रेषा आखणे, सरावाची जाळी उभारणे ही कामे त्यांच्याकडे आली आणि पगार एका रुपयाने वाढून चार रुपये झाला. त्या क्लबातील ट्रॉस नावाच्या एका सभासदाने या तरुणाला जाळ्यात गोलंदाजी करण्यास प्रोत्साहन दिले. पडेल ते काम करणाऱ्या पोऱ्याच्या हाती चेंडू आला तो असा.

त्यानंतर जे घडले, ते खेळ शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावे. पूना क्लबातील सर्वश्रेष्ठ फलंदाज जे. जी. ग्रेग हे अधिकारी इतर सभासदांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर एकट्याने सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस द्यावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता, असे सांगितले जाते. महिना चार रुपये मिळवणाऱ्या माणसाला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांचा पगार. तेव्हा प्रत्येक चेंडूमागे कारण होते, हेतू होता, आणि तो चुकला की का चुकला याचा विचारही होता. डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारे बाळू चेंडू दोन्ही बाजूंना वळवू शकत. उंची, वेग आणि टप्पा बदलून फलंदाजाला फसवणे ही त्यांची हातोटी होती. ज्या खेळपट्टीवर स्वतः पाणी मारले, रूळ फिरवला, तिचा कोणता भाग ओलसर आहे आणि चेंडू कोठे पकड घेईल, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? आज क्रीडाशिक्षक खेळपट्टीवर रुमाल अंथरतात आणि त्यावर चेंडू टाकण्यास सांगतात, एकच यष्टी उभी करून तिच्यावर नेम धरावयास लावतात; बेसबॉलच्या मुलांना दहा पावलांवर समोरासमोर उभे करून फेक आणि झेल यांची शेकडो आवर्तने करवून घेतात. या साऱ्यांमागील तत्त्व तेच आहे. एक साधी क्रिया, चांगल्या प्रतिस्पर्ध्यासमोर, रोज, लक्षपूर्वक करणे. बाळूंनी हे तत्त्व कोणत्याही पुस्तकावाचून आत्मसात केले.

परंतु त्या जाळ्यात शेकडो तास घालवूनही बाळूंना एकदाही फलंदाजी दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा आणि सरदारांचा मान समजला जाई. घाम गाळावयाचा, चेंडू टाकावयाचा, तो नोकराने. आम्हांस वाटते, बाळूंच्या जीवनातील सर्वांत बोलकी घटना हीच आहे. त्यांचे प्रशिक्षण थोर होते, पण ते अर्धे होते. आणि कोणता अर्धा भाग द्यावयाचा, हे त्यांच्या गुणांवरून ठरले नव्हते.

पुण्याच्या हिंदूंचा संघ युरोपियनांशी सामने खेळू लागला, तेव्हा या गोलंदाजाला घ्यावे की नाही, हा वाद उभा राहिला. ग्रेग यांना रोज चकवणारा माणूस आपल्या संघात असावा, हे सर्वांना पटत होते. पण त्याच्यासोबत वावरण्यास कित्येक सवर्ण सभासद तयार नव्हते. अखेर जिंकण्याच्या इच्छेने सोवळ्यावर मात केली. बाळू संघात आले. मैदानावर तोच चेंडू त्यांच्या हातून यष्टिरक्षकाच्या हाती आणि तेथून साऱ्या खेळाडूंच्या हाती फिरे. विश्रांतीची वेळ झाली की मात्र इतरांना तंबूत चिनीमातीच्या कपात चहा मिळे, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात, वापरून फेकून देण्यासाठी. जेवणाची पंगतही वेगळी. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. पुढे साताऱ्याच्या गोऱ्या संघाविरुद्ध बाळूंनी सामना जिंकून दिला, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकाने त्यांचा जाहीर गौरव केला. त्यामुळे काही डोळे उघडले. परंतु गौरवाचा हार गळ्यात पडला म्हणून पंगतीत पाट मिळाला, असे झाले नाही.

1896 मध्ये पुण्यात प्लेगचे थैमान सुरू होण्याच्या सुमारास बाळू मुंबईस आले. तेथे ते बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या संघाकडून आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांच्यात जो सामना झाला, तो साऱ्या देशात गाजला. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या. युरोपियनांचे डाव 191 आणि 102 धावांत आटोपले. राज्यकर्त्यांवर 109 धावांनी विजय मिळाला. त्या संघात बाळू आणि शिवराम हे दोघेही भाऊ होते. सुधारकी वृत्तपत्रांनी या विजयाचे श्रेय जातिभेद शिथिल करण्यालाही दिले.

1911 मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीयांचा संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले कितीतरी अधिक होते. बाळूंनी मात्र पस्तिशीच्या वयात त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी 103 धावांत 8 गडी टिपले. परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या मानपत्राशी एल्फिन्स्टन कॉलेजातील तरुण भीमराव आंबेडकर यांचा संबंध होता, असे क्रिकेटच्या इतिहासकारांनी नोंदवले आहे. बाबासाहेबांच्या उदयापूर्वी ज्याचे नाव घराघरांत अभिमानाने घेतले जाई, असा आपल्या माणसांतील पहिला पुरुष बाळूच होते.

एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. अनुभव त्यांचा सर्वांत मोठा, बळी त्यांचे सर्वांत अधिक. तरी त्यांच्याहून कमी अनुभवाच्या सवर्ण खेळाडूंकडे नेतृत्व जात राहिले. 1920 मध्ये बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि विठ्ठल यांचा कर्णधारपदावरील हक्कही डावलला गेला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जाहीर निवेदन करून जातीच्या अन्यायाकडे बोट दाखवले. हा भारतीय क्रीडाक्षेत्रातील स्वाभिमानाचा एक आरंभीचा उठाव होय. गाजावाजा झाला, लोकमत त्यांच्या बाजूस वळले, बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावण्यात आले आणि कर्णधार मैदानाबाहेर गेले असता काही काळ त्यांनी संघाचे नेतृत्वही केले. पुढे 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. 1906 च्या विजयापासून मोजले, तर चेंडू हाती देणाऱ्यांना नेतृत्व हाती देण्यास सतरा वर्षे लागली, आणि तेही थोरल्या भावाला नव्हे, धाकट्याला.

ही गोष्ट एकट्या आपल्या देशाची नाही. अमेरिकेत काळ्या खेळाडूंना बेसबॉलच्या मुख्य संघांत कित्येक दशके मज्जाव होता. 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरले आणि ती भिंत पडली. प्रेक्षकांच्या शिव्या आणि प्रतिस्पर्ध्यांचा द्वेष सोसून त्यांनी आपले स्थान सिद्ध केले. तरीही मुख्य संघाची सूत्रे काळ्या माणसाच्या हाती देण्यास तेथे 1975 साल उजाडावे लागले. ते प्रशिक्षक फ्रँक रॉबिन्सन. जॅकी त्याआधीच, ऑक्टोबर 1972 मध्ये, निवर्तले होते. मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांनी भर मैदानात हीच अपेक्षा बोलून दाखवली होती. खेळू देणे ही पहिली पायरी. ठरवू देणे ही पुढची, आणि तीच चढू देण्यास व्यवस्था अधिक वेळ घेते.

आता बाळूंच्या जीवनातील तो भाग, जो आम्हां आंबेडकरी शिक्षकांना सांगताना अवघड वाटतो. राजकारणात बाळू बाबासाहेबांसोबत राहिले नाहीत. 1932 मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला त्यांचा विरोध होता, आणि पुणे करारावर त्यांचीही सही आहे. येवल्याच्या घोषणेनंतर धर्मांतराचा मार्ग त्यांना मान्य झाला नाही. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईतील राखीव जागेवर त्यांना थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225. भंडाऱ्याच्या माणसाला ही रीत परकी नाही. 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत याच जिल्ह्यात बाबासाहेबांसमोर काँग्रेसने दलित समाजातीलच उमेदवार दिला होता, आणि त्या वेळी बाबासाहेब पराभूत झाले. ती सल आमच्या वडीलधाऱ्यांच्या मनात अखेरपर्यंत राहिली.

मग बाळूंना या स्मरणिकेत स्थान का? इतिहासाच्या विद्यार्थ्याने माणूस तुकड्यातुकड्यांनी नव्हे, अखंड पाहिला पाहिजे. आम्हांस असे दिसते की, ज्यांनी आयुष्यभर एकेक दार सवर्णांच्या संमतीने उघडले जाताना पाहिले, त्यांचा विश्वास त्या संमतीवर बसला. तंबूबाहेरील मातीच्या भांड्यापासून उपकर्णधारपदापर्यंत ते पोचले होते. याच वाटेने सारा समाज पोचेल, असे त्यांना वाटले असावे. बाबासाहेबांनी दुसरे सत्य ओळखले होते. एका गुणवंताला आत घेऊन व्यवस्था तशीच राहू शकते. हक्क मिळतो तो कोणाच्या कृपेने नव्हे. बाळूंचा निष्कर्ष आम्ही स्वीकारत नाही; पण तोच निष्कर्ष चुकीचा ठरवणारा सर्वांत भक्कम पुरावा त्यांच्याच क्रीडाजीवनात आहे. त्यांच्याएवढे कौशल्य असूनही ज्याला कर्णधार केले जात नाही, त्या समाजात केवळ कौशल्य पुरेसे नसते. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. नागपूरची दीक्षाभूमी त्यानंतर सव्वा वर्षाने उजळली.

हे चरित्र वाचून आमच्या मैदानावर एक नियम केला आहे. सरावाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याला, मुलगा असो वा मुलगी, नवखा असो वा तरबेज, सारखेच चेंडू खेळावयास मिळतात. मैदान झाडणे, रूळ फिरवणे आणि रेषा आखणे ही कामे पाळीने सर्वांकडे येतात, उत्तम फलंदाजाकडेही. आणि दर आठवड्याला कर्णधार बदलतो. पहिल्या काही दिवसांत मोठ्या मुलांनी कुरकुर केली, सामने ढिसाळ झाले, झेल सुटले. आता मात्र, केवळ चेंडू आणून देणारी लेकरे क्षेत्ररक्षण कसे लावावे यावर मोठ्यांशी वाद घालताना ऐकू येतात. तो वाद आम्ही थांबवत नाही. जय भीम!