बहिणाबाईंचे गोंदण

माझ्या आजीच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे. शाळेत पालकसभेला ती यायची तेव्हा हात पदराखाली घे, असे मी तिला सांगत असे. ती मूळची यावल तालुक्यातली. आजोबा अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात लागले आणि ती इकडची झाली. ती अजून अंगठाच उठवते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली.

मराठीच्या तासाला बहिणाबाई चौधरी शिकलो, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

बहिणाबाईंचा जन्म ऑगस्ट १८८० चा, जळगावजवळच्या असोद्यात, महाजनांच्या घरी. त्या दिवशी नागपंचमी होती. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या नथुजी चौधरींच्या घरी नांदायला आल्या. शाळा त्यांनी पाहिली नाही. शेतात आणि जात्यावर त्यांची गाणी जुळत गेली. ऐन तिशीत नथुजी वारले. पदरात काशी, ओंकार आणि सोपान ही तीन मुले. त्यांतल्या ओंकारला प्लेगने कायमचे अधू केले.

त्या दुःखातली त्यांची एक कविता आहे. कुंकू पुसले गेले होते, बांगड्या फुटल्या होत्या. गोंदणाला मात्र कोणाला हात लावता आला नाही, आणि नशिबाला बोलावणे धाडायला बहिणाबाई त्या गोंदणालाच पुढे करतात! वर्गात ही जागा पटकन मागे पडली. मी मात्र तिथेच अडकले.

घरी येऊन आजीला विचारले. जत्रेत गोंदणारीण बसायची, काजळीत सुया बुडवून टोचायची, मग हात सुजायचा. दागिना गहाण पडतो, मोडता येतो. हा मात्र सरणावर आपल्याबरोबर येतो, असे तिचे म्हणणे. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट बायकाही काजळी लावलेला दोरा सुईने कातडीखालून ओढून हनुवटीवर रेघा काढीत, हे मी तिला वाचून दाखवले. तेवढ्या थंडीत जखम कशी भरत असेल, याचीच तिला काळजी!

बहिणाबाईंच्या तोंडची गाणी मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. पुष्कळशी तशीच हवेत विरली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. ते त्यांनी पाहिलेच नाही. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

आजीच्या हातावरचे तुळशीवृंदावन आता फिकट निळे झाले आहे. मी ते वहीत उतरवून घेतले. त्याच्या बाजूला तीन ठिपके आहेत. ते कशाचे, हे तिलाही आता आठवत नाही.