साथ यायच्या आधी कोंबडे वाचवायला सांगणारा शास्त्रज्ञ : मॉरिस हिलेमन

तारीख होती १७ एप्रिल १९५७. अमेरिकेच्या लष्कराच्या वॉल्टर रीड या वैद्यकीय संस्थेत काम करणारे ३७ वर्षांचे मॉरिस हिलेमन न्यूयॉर्क टाइम्स वाचत होते. त्यात हाँगकाँगची एक बातमी होती. तिथं फ्लूची साथ आलीय, अडीच लाख लोकांवर उपचार सुरू आहेत, दवाखान्यांबाहेर लांबच लांब रांगा लागल्यात आणि आयांच्या पाठीवर बांधलेल्या पोरांचे डोळे काचेसारखे झालेत, असं त्यात लिहिलं होतं.

ही बातमी अमेरिकेत लाखो लोकांनी वाचली असेल. हिलेमन यांनी मात्र ती वाचून पेपर खाली ठेवला तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. १९१८ नंतरची पुढची जागतिक साथ हीच असणार.

एवढी खात्री कशावरून? त्यासाठी त्यांचं काम समजून घ्यावं लागतं. फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडाथोडा बदलतो. कपड्याला एखादं ठिगळ लावावं तसा. आपल्या शरीराला तो थोडाफार ओळखीचा वाटतो, म्हणून बहुतेक लोक चार दिवस तापानं फणफणून बरे होतात. पण काही दशकांतून एकदा तो अख्खा अंगरखाच बदलून येतो. मग जगात कुणाचंच शरीर त्याला ओळखत नाही. या दोन प्रकारच्या बदलांचा सगळ्यात बारकाईनं अभ्यास ज्यांनी केला, त्यांत हिलेमन होते. एका शहरात इतक्या कमी दिवसांत अडीच लाख लोक आजारी पडतात याचा अर्थ त्यांच्या लेखी सरळ होता, की अंगरखा बदललाय.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी जपानमधल्या अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेला कळवलं की नमुना हवाय. हाँगकाँगहून आजारी पडून आलेला नौदलाचा एक जवान सापडला. त्याच्या गुळण्यांचं पाणी १७ मे रोजी वॉशिंग्टनला पोचलं. हिलेमन यांनी विषाणू वाढवला आणि तो लोकांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांशी भिडवून पाहायला सुरुवात केली. नऊ दिवस, रोज चौदा-चौदा तास. सैनिकांचं रक्त झालं, साध्या नागरिकांचं झालं, कुणाच्याच रक्तात या विषाणूला ओळखणारं काही निघेना. शेवटी सत्तरी-ऐंशीतल्या काही मोजक्या म्हाताऱ्यांच्या रक्तात खुणा सापडल्या. ही माणसं १८८९-९० च्या साथीतून वाचलेली होती.

म्हणजे जवळपास सत्तर वर्षांखालची अख्खी दुनिया उघडी होती.

हिलेमन यांनी पत्रक काढलं. सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या की ही साथ अमेरिकेत भडकणार, असं त्यात लिहिलं होतं. अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं. महिना मे, बाहेर उन्हाळा लागतोय आणि हा माणूस चार महिन्यांनंतरच्या तापाची तारीख देतोय म्हटल्यावर हसू येणारच. सरकारी आरोग्य खातंही लगेच हललं नाही.

आता इथं या माणसाच्या लहानपणाकडं जायला हवं, कारण पुढची सगळी गंमत तिथं आहे.

हिलेमन यांचा जन्म ३० ऑगस्ट १९१९ चा, मोंटाना राज्यातल्या माइल्स सिटीजवळचा. त्यांच्यासोबत जन्मलेली जुळी बहीण जगली नाही आणि दोन दिवसांत आईही गेली. वडिलांकडं आधीच पोरांचं लटांबर होतं, त्यामुळं शेजारीच राहणाऱ्या काका-काकूंनी बाळाला सांभाळलं. घर शेतकऱ्याचं. भाजीपाला पिकवायचा, झाडू बांधून विकायचे आणि कोंबड्या पाळायच्या. पोरगा कळता झाल्यापासून खुराड्यात राबला. त्यात घटसर्पानं तो मरता मरता वाचला.

शाळा झाल्यावर त्याला गावातल्या जे. सी. पेनी या कपड्यांच्या दुकानात नोकरी लागली. मंदीचा काळ, त्यामुळं अशी नोकरी म्हणजे आयुष्याचं सोनं झालं असं घरच्यांना वाटत होतं. मोठ्या भावानं मात्र कॉलेजचं डोक्यात घातलं. शिष्यवृत्ती मिळाली, १९४१ मध्ये मोंटानात पदवी झाली, १९४४ मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट. तिथल्या प्राध्यापकांना हा हुशार पोरगा विद्यापीठातच राहावा असं वाटत होतं. त्यानं औषध कंपनी निवडली. शोध कागदावर राहू नये, तो बाटलीत भरून लोकांपर्यंत जावा ही ओढ त्यांना शेवटपर्यंत राहिली. महायुद्धात सैनिकांसाठी जपानी मेंदूज्वराची लस बनवायचं काम त्यांनी केलं आणि १९४८ मध्ये ते लष्कराच्या संस्थेत आले.

तर कोंबड्या.

फ्लूची लस तेव्हा अंड्यांत बनायची. साधं अंडं चालत नाही, फलित अंडं लागतं, ज्यात पिल्लू वाढतंय. त्यात विषाणू सोडायचा, तो वाढू द्यायचा, मग काढून निष्क्रिय करायचा. ढोबळमानानं एका डोसमागं एक अंडं धरा. कोट्यवधी डोस हवे तर कोट्यवधी फलित अंडी हवीत. आणि फलित अंड्याला कोंबडा लागतो. उबवणीचा हंगाम संपला की शेतकरी जादाचे कोंबडे मारून टाकतात, कारण दाणे खाण्यापलीकडं त्यांचा उपयोग नसतो. प्रयोगशाळेत वाढलेल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला हे सुचलं नसतं. हिलेमन यांना खुराड्याचं वेळापत्रक पाठ होतं. त्यांनी लस कंपन्यांना सांगितलं की तुमच्या अंडीवाल्यांना आत्ताच निरोप द्या, यंदा कोंबडे मारू नका.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती आज कुणी केली तर चौकशी लागेल. लसींना परवानगी देणारं सरकारी खातं बाजूला ठेवून त्यांनी विषाणूचे नमुने थेट सहा कंपन्यांना पाठवून दिले. नियमानं गेलं तर उन्हाळा फायलीतच संपेल हा त्यांचा हिशोब होता. हा हिशोब बरोबर ठरला म्हणून आज त्याचं कौतुक होतं. चुकला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, हेही खरं.

तोवर साथ आशियात पसरली होती. तिची सुरुवात वर्षाच्या आरंभी चीनमध्ये झाली होती, पण चीन तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा सदस्यच नव्हता, त्यामुळं जगाला कळायला उशीर झाला. भारतात ती मे महिन्यात जहाजानं मद्रासला उतरली आणि काही आठवड्यांत देशभर गेली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत भारतात ४४ लाखांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. मृत्यूंची नोंद हजाराच्या आसपासच होती. १९१८ मध्ये याच देशात कोटीच्या वर माणसं गेली होती, त्या मानानं ही साथ सौम्यच निघाली. पण मे महिन्यात ते कुणालाच माहीत नव्हतं.

अमेरिकेत जूनमध्ये नौदलाच्या तळांवर पहिले रुग्ण दिसले. सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या आणि लाट उसळली, अगदी पत्रकात म्हटलं होतं तशी. फरक एवढाच की आता लस तयार होत होती. शरद ऋतू संपेपर्यंत सुमारे ४ कोटी डोस बनले.

हिलेमन यांनी दहा लाख अमेरिकन वाचवले, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. हा आकडा जरा जपूनच घ्यावा. देशाची लोकसंख्या १७ कोटींच्या घरात होती, म्हणजे डोस चारातल्या एकालाही पुरले नाहीत. लाटेचा कळस ऑक्टोबरमध्येच येऊन गेला आणि बरीचशी लस त्यानंतर हातात पडली. आधी कुणाला द्यायची याचा सरकारनं सल्ला दिला होता, सक्ती नव्हती, त्यामुळं वाटपावरून कुरबुरीही झाल्या. अमेरिकेत ७० हजारांच्या आसपास माणसं गेली, नंतरच्या अंदाजांत हा आकडा एक लाखाच्या पुढं जातो. जगभरात दहा लाखांहून अधिक. तरीही साथ शिगेला पोचायच्या आधी तिची लस काही लोकांना तरी मिळाली, हे इतिहासात पहिल्यांदाच घडलं होतं. पुणेकरांना हे उशिराचं गणित ओळखीचं वाटेल. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा-थिएटरं बंद झाली, मास्क मिळेनासे झाले. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची नाकातून घ्यायची लस आली जुलै २०१० मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं साथ संपल्याचं जाहीर केलं.

१९५७ संपता संपता हिलेमन मर्क कंपनीत गेले. तिथं त्यांनी जे केलं ते सांगायला वेगळा लेख लागेल. मार्च १९६३ मध्ये एका रात्री त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीला गालगुंड झाला. त्यांनी तिच्या घशातून नमुना घेतला, रातोरात प्रयोगशाळेत नेऊन ठेवला आणि त्यातूनच गालगुंडाची लस बनवली. त्या विषाणूला आजही तिचंच नाव आहे, जेरिल लिन. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींची एकत्र लस १९७१ मध्ये आली, हिपॅटायटिस बीची १९८१ मध्ये. माणसं आणि जनावरं धरून चाळीसेक लसी त्यांच्या नावावर जमा आहेत. त्यात कोंबड्यांना होणाऱ्या मारेक्स रोगाचीही एक आहे. स्वभाव मात्र तिखट. मीटिंगमध्ये शिव्यांची बरसात ठरलेली.

फ्लूनं त्यांचा पिच्छा सोडला नाही. १९६८ मध्ये पुन्हा हाँगकाँग, पुन्हा नवा विषाणू, पुन्हा धावपळीत लस.

आणि मग १९७६. या वेळी सगळं उलट झालं. न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स छावणीत फेब्रुवारीत एक तरुण सैनिक मेला, त्याच्यात डुकरांच्या फ्लूसारखा विषाणू सापडला आणि १९१८ च्या आठवणीनं सरकार हादरलं. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मार्चमध्ये अख्ख्या देशाला लस देण्याची घोषणा केली. कृषिमंत्र्यांनी तर देशातले कोंबडे कर्तव्याला सज्ज आहेत अशी ग्वाही देऊन टाकली. मर्कसह चार कंपन्या कामाला लागल्या. विमा कंपन्यांनी जोखीम घ्यायला नकार दिला, तेव्हा नुकसानभरपाईची जबाबदारी सरकारनं कायदा करून स्वतःवर घेतली. ऑक्टोबरपासून चार कोटींवर लोकांना टोचून झालं. साथ काही आलीच नाही. उलट लस घेतलेल्या काही लोकांत गिलेन-बारे हा नसांचा आजार दिसला आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली.

१९५७ मध्ये सरकार उशिरा जागं झालं होतं, १९७६ मध्ये जरा जास्तच लवकर. मधल्या काळात विषाणूशास्त्र पुढं गेलं, पण छावणीत सापडलेला विषाणू बाहेर पसरतोय की नाही याची वाट न बघता टोचायचं ठरलं. लस बनवून साठवून ठेवायची आणि टोचायची की नाही हे नंतर बघायचं, असा मधला रस्ता तेव्हा काही तज्ज्ञांनी सुचवला होता. तो मागं पडला.

हिलेमन १९८४ मध्ये निवृत्त झाले, तरी काम करतच राहिले. १९९८ मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरनं त्यांच्या तीन-रोगांच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडला. तो अभ्यास पुढं मागं घेतला गेला, पण दरम्यान या म्हाताऱ्याला शिव्याशापांची पत्रं आली. ११ एप्रिल २००५ रोजी फिलाडेल्फियात ते कॅन्सरनं गेले.

तेव्हा आशियात बर्ड फ्लूची भीती वाढत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेनं जागतिक फ्लूसाठीचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. काही महिन्यांनी, फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रींत बर्ड फ्लू सापडला आणि सरकारी पथकांनी लाखो कोंबड्या मारून पुरल्या.

लस बनवणाऱ्यांना तर कोंबड्या जिवंत हव्या होत्या. फ्लूच्या बहुतेक लसी तेव्हाही अंड्यांतच बनत होत्या, आजही बऱ्याच बनतात. त्यामुळं अमेरिकी सरकारनं २००४ पासून एका लस कंपनीला पैसे देऊन फलित अंड्यांची सोय बारा महिने चालू ठेवायला लावली. ही खुराडी नेमकी कुठं आहेत, ते सांगितलं जात नाही.