वजन आणि मोल

गुणवत्तेचे इतके उघड माप भारोत्तोलनाखेरीज दुसऱ्या खेळात क्वचितच आढळेल. दांड्याला किती किलो वजन लावले आहे हे सर्वांना दिसते आणि ते डोक्यावर जाऊन स्थिर झाले की नाही, हेही सर्वांना दिसते. तेथे वशिल्याला वाव नाही, घराण्याला नाही आणि कातडीच्या रंगालाही नाही. परंतु वजन खाली ठेवून माणूस समाजात परतला, की त्याचे मोल ठरविणारा काटा तितकाच प्रामाणिक असतो काय? अमेरिकेचे भारोत्तोलक जॉन डेव्हिस यांचे जीवन पाहिले म्हणजे हा प्रश्न टाळता येत नाही.

डेव्हिस यांचा जन्म १२ जानेवारी १९२१ रोजी न्यूयॉर्क राज्यात झाला. ब्रुकलिनमध्ये आईजवळ ते वाढले. या कृष्णवर्णीय मुलाचे असामान्य बळ किशोरवयातच जाणकारांच्या नजरेत भरले आणि १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संघातून ते जागतिक स्पर्धेसाठी व्हिएन्नाला गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता. वंशश्रेष्ठत्वाचा डंका पिटणाऱ्या राजवटीच्या डोळ्यांदेखत, अवघ्या सतराव्या वर्षी, डेव्हिस साडेब्याऐंशी किलो गटात जगज्जेते ठरले.

पुढे महायुद्ध आले आणि ऐन उमेदीची वर्षे त्यात गेली. डेव्हिस सैन्यात दाखल झाले. ज्या सैन्याने नाझी वंशवादाशी झुंज घेतली, त्याच सैन्यात गोऱ्या व काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. ही विभागणी संपविण्याचा आदेश अध्यक्ष ट्रूमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला. त्यानंतर तीनच दिवसांनी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले आणि तेथे डेव्हिस यांनी प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या तीन प्रकारांत मिळून ४५२.५ किलो वजन उचलून वजनदार गटाचे सुवर्णपदक मिळविले.

त्यांची थोरवी केवळ पदकांत मावणारी नव्हती. फ्रान्समधील अपोलाँ या नामांकित बलवानाची, रेल्वेच्या चाकांची एक जोडी होती. तिचे वजन सुमारे १६६ किलो होते आणि आस इतका जाड, की मुठीत धरणेच अवघड. १९४९ मध्ये पॅरिसला डेव्हिस यांनी ती उचलण्याचा प्रयत्न केला. अनेकदा अपयश आले, तरी त्यांनी हार मानली नाही आणि अखेर ती चाके डोक्यावर नेली. १९५१ मध्ये क्लीन अँड जर्क प्रकारात चारशे पौंडांची मर्यादा अधिकृत स्पर्धेत ओलांडणारे ते पहिले भारोत्तोलक ठरले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ४६० किलोंसह दुसरे ऑलिंपिक सुवर्णपदक त्यांनी मिळविले. १९३८ पासून १९५३ पर्यंत त्यांचा पराभव कोणी करू शकले नाही. स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत कॅनडाच्या डग हेपबर्न यांनी ती मालिका खंडित केली. बारा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद, सहा जागतिक विजेतेपदे आणि दोन ऑलिंपिक सुवर्णपदके, असा हा हिशेब आहे.

या साऱ्याच्या बदल्यात हाती काय आले? हौशी खेळाडूला कमाईची मुभा नव्हती. जगातील सर्वांत बलवान म्हणून गणला गेलेला हा पुरुष न्यूयॉर्कच्या तुरुंग खात्यात नोकरी करून पोट भरीत होता. युरोपात त्यांना जो मान मिळे, तो मायदेशी मिळाला नाही. सर्व दोष वर्णद्वेषाच्या माथी मारणे मात्र न्याय्य होणार नाही, कारण बेसबॉल आणि मुष्टियुद्धाच्या त्या देशात भारोत्तोलन हा दुर्लक्षित खेळच होता. तथापि हेही विसरता येणार नाही, की सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९५४ मध्ये आला. म्हणजे डेव्हिस ज्या काळात देशासाठी पदके जिंकीत होते, त्या सबंध काळात त्यांच्या वर्णाच्या मुलांना देशातील अनेक राज्यांत गोऱ्या मुलांच्या शेजारी बसून शिकण्याचाही अधिकार नव्हता. १९५६ मध्ये पायाच्या दुखापतीने त्यांची कारकीर्द संपविली. १३ जुलै १९८४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राने या जीवनाकडे परके म्हणून पाहू नये. हेलसिंकीत डेव्हिस यांनी विजय मिळविला, त्याच्या काही दिवस आधी त्याच नगरीत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले होते. एक तुरुंग खात्यात गेला, दुसरा १९५५ मध्ये पोलीस खात्यात. डेव्हिस गेल्यानंतर सुमारे महिनाभराने, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, खाशाबांनाही रस्त्यावरील अपघाताने नेले. दोन देश वेगळे आणि दोघांच्या उपेक्षेची कारणेही वेगळी. परंतु विजयाच्या दिवशी जयघोष करावा आणि दुसऱ्या दिवशी विजेत्याला विसरून जावे, ही रीत दोन्हीकडे सारखीच दिसते.

दांड्यावरचे वजन उचलणे हे खेळाडूचे काम आहे आणि ते डेव्हिस यांनी चोख बजावले. त्याचे मोल जाणणे हे समाजाचे काम आहे. त्यासाठी सत्कार आणि हारतुऱ्यांपेक्षा एका साध्या गोष्टीची गरज असते. पदक जिंकणाऱ्या हातांना पदकाआधी आणि पदकानंतरही माणूस म्हणून समान वागणूक मिळाली पाहिजे. ते वजन समाजाला अजून उचलावयाचे आहे.