नांगर विकणारा मास्तर

वाशी, नेरुळ, खारघर येथे व्यवस्थापनशास्त्र शिकविणाऱ्या संस्था आहेत आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने त्यांच्यापासून फारसे दूर नाहीत. उद्योजकता हा विषय आता अभ्यासक्रमात आला आहे. तो फळ्यावर शिकवावा की कारखान्यात, हा वाद चालू असताना लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आठवणे अगत्याचे आहे. कारण हा मनुष्य मुळात मास्तरच होता.

१८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. रंगांधत्वामुळे ते स्वप्न मोडले, पण यांत्रिक रेखाटन हाती लागले आणि त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षकाची जागा मिळाली. हा गृहस्थ वर्ग सुटल्यावर तेथील यंत्रांशी खटपट करीत बसे. बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्याला जागा देण्यात आली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. बेळगावात बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान १८८८ पासून चालू होतेच. नोकरी सोडण्यापूर्वी व्यापाराची चव घेण्याचा हा व्यवहारीपणा लक्षात घेण्यासारखा आहे.

त्यांचे खरे शिक्षण मात्र नांगराने केले. कडबा कापण्याच्या यंत्रापाठोपाठ त्यांनी लोखंडी नांगर बनविला. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांचे मोल कोणत्या प्रश्नपत्रिकेत मोजणार? माल उत्तम असूनही गिऱ्हाईक पाठ फिरविते आणि त्याला अडाणी म्हणून चालत नाही, हा धडा वर्गात सांगता येतो. अंगी बाणतो तो भांडवल अडकून पडल्यावरच.

पुढे बेळगावची जागा सोडणे भाग पडले. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. (उद्योजकाला राजाश्रय लागत नाही असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.) शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कुशल अभियंते बनले, शिक्षा भोगून आलेल्यांवर पहाऱ्याची जबाबदारी सोपविण्यात आली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतण्यात आले.

तथापि लक्ष्मणरावांना पुस्तकी विद्येचे वैरी ठरविणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. कारखान्यात वापरलेले रेखाटन ते शाळेतच शिकले होते. शाळेने त्यांना हत्यार दिले, बाजाराने ते चालविण्याचा हात दिला; यांपैकी एकावरच विसंबणारा अभ्यासक्रम लंगडाच राहील. आपल्या मुलाला, शंतनुरावांना, त्यांनी थेट अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत धाडले. १९२६ साली पदवी घेऊन शंतनुराव परतले, ते वडिलांच्या वाडीतील कारखान्यात काम करण्यासाठी. लक्ष्मणरावांचे देहावसान १९५६ मध्ये झाले. कुंडल रोड स्थानकाचे नाव आज किर्लोस्करवाडी आहे.