भूक मोजणारा संख्याशास्त्रज्ञ

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन १९३२ मध्ये पदवी मिळवल्यावर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. नेमन, इगॉन पिअरसन, फिशर ही संख्याशास्त्रातली बडी मंडळी तेव्हा तिथेच होती. फिशर आणि इतरांचे पटत नसे, पण सुखात्मे सर्वांकडून शिकले.

परतल्यावर काही काळ कोलकात्याच्या आरोग्य संस्थेत आणि नंतर दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत त्यांनी काम केले. देशात धान्य किती पिकते, याचा अंदाज तोवर बराचसा नजरेने बांधला जाई. सुखात्मे यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी आधी गावे, मग शेते आणि शेवटी शेतातला तुकडा निवडून प्रत्यक्ष पीक कापून मोजण्याची पद्धत रुजवली. तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, हेही त्यांनी दाखवले.

या टप्प्याटप्प्याच्या पाहणीत एक अडचण असते. एका गावातली शेते एकमेकांसारखी असतात. बांद्यातल्या दोन शेतांना माती तीच, पाऊस तोच. त्यामुळे दुसरे शेत मोजून नवी माहिती थोडीच मिळते. हे सारखेपण किती, ते सांगणारा आकडा म्हणजे अंतर्वर्गीय सहसंबंध. समजा, २० गावांतून प्रत्येकी २० अशी ४०० शेते मोजली आणि हा आकडा ०.२ निघाला. १९ ला ०.२ ने गुणून १ मिळवा, ४.८ येतात. ४०० ला ४.८ ने भागले की उरतात सुमारे ८३. म्हणजे मेहनत ४०० शेतांची, माहिती ८३ शेतांची!

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून गेले आणि १९७० पर्यंत तिथे होते. जगात उपाशी किती, हा प्रश्न तिथे त्यांच्यासमोर आला. त्या कामासाठी १९६३ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे गाय रौप्यपदक आणि १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले.

खरा वाद पुण्यात परतल्यावर पेटला. आता गावाच्या जागी माणूस होता आणि शेतांच्या जागी दिवस. एकाच माणसाचे खाणे रोज बदलते. मग माणसामाणसांतला फरक किती आणि त्याच माणसाच्या दिवसादिवसांतला किती?

समजा, काही जणांचा आहार प्रत्येकी चार दिवस मोजला. एकेका माणसाच्या दिवसांतल्या फरकांच्या वर्गांची सरासरी ९० हजार आली. माणसांच्या सरासऱ्यांमधल्या फरकावरून काढलेला तसाच आकडा २ लाख १० हजार. पण त्यात रोजच्या चढउतारांचाही वाटा मिसळलेला असतो, म्हणून ९० हजार वजा करायचे आणि उरलेल्या १ लाख २० हजारांना चाराने भागायचे. ३० हजार हा माणसामाणसांतला निव्वळ फरक. ३० आणि ९० मिळून १२० हजार, त्यांतले ३०. म्हणून सहसंबंध ०.२५. उरलेले तीन चतुर्थांश चढउतार माणसाच्या आतलेच.

सुखात्मे यांचा दावा याच आतल्या चढउतारांवर उभा होता. एका दिवसाचा परिणाम पुढच्या दिवसांवर होत असल्याने आठवड्याची सरासरी घेऊनही ते सहज विरत नाहीत, शरीर त्यांच्याशी जुळवून घेते. तेव्हा सरासरी गरजेपेक्षा थोडे कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरू नये. रेषा सरासरीपासून दोन प्रमाण विचलने खाली ओढावी. तसे केले की कुपोषितांची संख्या मोठ्या प्रमाणात घटत होती.

पुण्यातलेच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी त्याला कडाडून विरोध केला. आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांनाही हे जुळवून घेणे मान्य नव्हते. गरीब माणूस कमी खातो तो शरीर जुळवून घेते म्हणून, की ताटात नाही म्हणून? शरीर तगले तरी कामाची उमेद आणि मुलांची वाढ यांची किंमत मोजावी लागतेच. आक्षेप रास्त होता; आहारातला फरक म्हणजे गरजेतला फरक नव्हे. पण एका दिवसाच्या ताटावरून माणसाला उपाशी ठरवता येत नाही, हा सुखात्मे यांचा मुद्दाही खोडता येण्यासारखा नव्हता.

रेषा नेमकी कुठे ओढायची, यावर दोन्ही बाजूंचे एकमत झाले नाही. सुखात्मे यांचे २८ जानेवारी १९९७ रोजी निधन झाले.