आधी आकृती काढ!

मित्रांनो, फर्स्ट इयरला मेकॅनिक्सच्या पेपरात माझी दांडी गुल झाली होती. सूत्रं सगळी तोंडपाठ, पण फ्री बॉडी डायग्राम काढायचा कंटाळा! सगळी बलं डोक्यातच धरून उत्तर काढायला गेलो आणि केटी घेऊन घरी आलो. त्याच सुट्टीत एक जुनं पुस्तक हाती लागलं, 'हाऊ टू सॉल्व्ह इट'. लेखक जॉर्ज पोल्या. तेव्हापासून हा माणूस माझा गुरूच झालाय म्हणा ना.

पोल्याचा जन्म १३ डिसेंबर १८८७ चा, हंगेरीतल्या बुडापेस्टचा. शाळेत हा काही गणितातला हिरो नव्हता. भूमितीत तर जेमतेम समाधानकारक असा शेरा! पुढे कायदा घेतला, कंटाळून सोडला. मग भाषा-साहित्य, मग तत्त्वज्ञान, असं करत करत स्वारी गणितात पोचली. (ब्रँच चुकली म्हणून रडणाऱ्यांनो, ऐकताय ना?) १९१२ साली डॉक्टरेट आणि १९१४ पासून झुरिकच्या ईटीएचमध्ये अध्यापन.

तरुणपणी त्यानं एका उमरावाच्या मुलाची शिकवणी धरली होती. पोराला गणितं काही सुटेनात. मग पोल्याच विचारात पडला, की आपण गणित सोडवताना नेमकं काय करतो आणि ते या पोराला दाखवायचं कसं? या प्रश्नानं त्याचा पिच्छा जन्मभर सोडला नाही.

चित्रांशी त्याचं नातं पक्कं होतं. प्रतलावर पुनरावृत्त होणाऱ्या नक्षीचे सममितीनुसार १७ च प्रकार असतात, यावर १९२४ मध्ये त्यानं लेख लिहिला आणि प्रत्येकाची आकृती दिली. पुढे एशर या डच चित्रकारानं त्या आकृत्या चक्क वहीत उतरवून घेतल्या!

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० मध्ये पोल्या अमेरिकेला गेला, १९४२ मध्ये स्टॅनफर्डला. १९४५ मध्ये ते पुस्तक आलं आणि त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्यात चार पायऱ्या आहेत: गणित समजून घ्या, बेत आखा, तो अमलात आणा, मग मागे वळून तपासा. पहिल्याच पायरीवर तो आकृती काढायला सांगतो. कारण आकृती काढताना काय दिलंय आणि काय शोधायचंय, हे वेगळं करावंच लागतं.

माझा चुलतभाऊ सहावीत. घरात सगळे त्याला ढ म्हणायचे, हळूहळू त्यालाही ते पटायला लागलं होतं. गणित होतं: टाकी २/५ भरलेली आहे, आणखी ९० लिटर ओतलं की पूर्ण भरते, तर टाकी केवढी? तो घाबरून ९० ला ५ नं भागत सुटला. मी पेन्सिल थांबवली, टाकी काढ म्हटलं. त्यानं काढली ती नळ, झाकण आणि वर बसलेल्या कावळ्यासकट! मी हसलो नाही. फक्त टाकीचे पाच सारखे भाग करायला सांगितले. दोन त्यानं रंगवले. उरले तीन. तीन भाग म्हणजे ९०, मग एक ३०, पाच म्हणजे १५०! स्वतःच ओरडला पठ्ठ्या. पुढच्या गणितात कावळा आपोआप उडाला, नुसते चौकोन उरले.

पोल्या ७ सप्टेंबर १९८५ ला गेला, वयाच्या ९७ व्या वर्षी. माझी केटी सुटली, कशी ते सांगायला नकोच. भावाला आता घरात कुणी ढ म्हणत नाही. तेव्हा दोस्तांनो, घरी एखादं पोर गणितावर अडलं, तर उत्तर सांगू नका. कोरा कागद पुढे सरकवा.